पायरी ३ ते ८ पुन्हा करा

मराठीत कोणते लेखनप्रकार दुर्लक्षित राहिले यावर संमेलनात परिसंवाद होत असतात. त्यात बालसाहित्य येतं, विज्ञानकथा येते, गेला बाजार अनुवादही येतो. पण भोसरीपासून चाकणपर्यंत जो प्रकार तिन्ही पाळ्यांत भिंतीवर टांगलेला असतो, लॅमिनेट होतो, कूलंटचे शिंतोडे झेलतो आणि म्हातारपणी जेवणाच्या डब्याखाली अंथरला जातो, त्याचं नाव कुणी काढत नाही. कारखान्यात त्याला ‘डब्ल्यूआय’ म्हणतात. वर्क इन्स्ट्रक्शन. त्याचा जरा शिकलेला आणि म्हणून जरा शिष्ट भाऊ म्हणजे सॉफ्टवेअरचं युजर मॅन्युअल. थोरला मशिनपाशी राहतो. धाकटा डिस्पॅचच्या टेबलावर मॉनिटरखाली राहतो, कारण त्याच्या जाडीमुळे स्क्रीन बरोबर डोळ्यांसमोर येतो. मॅन्युअलचा काही उपयोग होत नाही असं निदान तिथे तरी कुणी म्हणत नाही.

मी पोटासाठी या धाकट्याची सेवा करतो. या साहित्याचे लेखक बहुतेक हिंजवडीत बसतात आणि वाचक तळवडे, भोसरी, महाळुंगे, खराबवाडीत. मध्ये पंचवीस-तीस किलोमीटर रस्ता आणि त्याहून लांब ट्रॅफिक. त्यामुळे लेखक-वाचक संवाद असा काही होत नाही. लेखक एसीत बसून लिहितो, ‘उर्वरित पार्टसाठी पायरी ३ ते ८ पुन्हा करा’, फाइल बंद करतो आणि चहाला जातो. एवढ्या एका वाक्यात आपण समोरच्याकडून किती कामं करून घेतली, हे त्याच्या गावीही नसतं.

या वाक्याचं पुढे काय होतं ते सांगतो.

समजा, तळवड्यात एक शेड आहे. ‘समजा’ हे म्हणायला. अशा शेडी तिथे गल्लोगल्ली आहेत. चार प्रेस, एक स्पॉट वेल्डिंग, मालक आणि मालकाचा मेहुणा. गाडीला लागणारे ब्रॅकेट बनतात आणि चाकणच्या मोठ्या कंपनीत जातात. ब्रॅकेट बनवणं हा यातला सोपा भाग. अवघड भाग आहे बनलेले ब्रॅकेट गेटबाहेर काढणं. आधी बिल. वर्षाची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर, १ ऑगस्ट २०२३ पासून, ई-इन्व्हॉइस. त्याचा आयआरएन, म्हणजे बिलाचा संदर्भ क्रमांक, चौसष्ट अक्षरांचा. मग ई-वे बिल. मग कंपनीच्या पोर्टलवर ‘एएसएन’, म्हणजे माल निघाला आहे अशी आगाऊ वर्दी. मग प्रत्येक बिनवर, म्हणजे मालाच्या क्रेटवर, लेबल. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न मारलेला असतो.

पूर्वी चलनबुकात दोन कार्बन घालून एकदा लिहिलं की तीन प्रती निघायच्या. गुलाबी, पिवळी, पांढरी. एकदा लिहिलेलं तीन ठिकाणी उमटवण्याचं तंत्रज्ञान आपल्याकडे तेव्हा होतं. आता तोच पार्ट नंबर, तीच क्वांटिटी आणि तोच गाडी नंबर अनेकदा चार ठिकाणी चार वेळा टाइप करावा लागतो. याला डिजिटायझेशन म्हणतात.

या शेडीत डिस्पॅच बघायला एक काका आहेत. मोठ्या कंपनीत उभं आयुष्य गेलं, व्हीआरएस घेतली, घरी बसून घरच्यांच्या नाकी नऊ आणले, म्हणून घरच्यांनीच त्यांना इथे आणून बसवलं. काकांसमोर पोर्टलचं मॅन्युअल आहे. एक, लॉगिन करा. दोन, ट्रकच्या चित्रावर क्लिक करा. तीन, पार्ट नंबर निवडा. चार, क्वांटिटी भरा. पाच, लॉट नंबर भरा. सहा, लेबल प्रिंट करा. सात, लेबल बिनला लावा. आठ, सेव्ह करा. पहिला पार्ट असा सुरळीत गेला की काकांनी मेहुण्याकडे बघून मान हलवली. मग आली नववी पायरी. उर्वरित पार्टसाठी ३ ते ८ पुन्हा करा.

काका प्रामाणिकपणे तिसऱ्या पायरीवर गेले. ‘पार्ट नंबर निवडा.’ पण निवडायचा कुठून? सेव्ह केल्याबरोबर पोर्टलनं त्यांना मुख्य पानावर आणून सोडलं होतं. तिथे हेल्मेट घातलेला एक कामगार हसत होता आणि खाली ‘सुस्वागतम्’ लिहिलं होतं. पार्ट नंबरची चौकट औषधालाही नाही. म्हणजे खरी पुनरावृत्ती दोनपासून होती. पण लिहिणाऱ्यानं मॅन्युअल लिहिताना एकच पार्ट पाठवून बघितला असणार. एका पार्टाला पुनरावृत्ती लागत नाही.

काका हुशार. त्यांनी ट्रक शोधला, दुसरा पार्ट निवडला, क्वांटिटी भरली. पाचव्या पायरीला बघतात तर लॉट नंबर आधीच भरलेला. पहिल्या पार्टचा लॉट पोर्टलनं आपुलकीनं तसाच ठेवला होता. मॅन्युअल म्हणतं, लॉट नंबर भरा. भरलेला आहे. भरलेलं पुन्हा कशाला भरायचं? मोठ्या कंपनीत इतकी वर्षं काढलेला माणूस सिस्टीमनं भरलेल्या गोष्टीला हात लावत नाही. दुसरा ब्रॅकेट पहिल्याच्या लॉटवर चाकणला गेला, आणि दोन दिवसांनी तिकडच्या क्वालिटीवाल्या साहेबांचा फोन आला. तो संवाद इथे छापण्यासारखा नाही.

पहिली फेरी आणि दुसरी फेरी कधीच सारख्या नसतात, आणि शेवटची तर दोन्हींपेक्षा वेगळी. पहिल्या वेळी चौकटी रिकाम्या असतात, दुसऱ्या वेळी भरलेल्या. शेवटच्या पार्टला सेव्ह दाबायचं नसतं, सबमिट दाबायचं असतं. ‘पुन्हा करा’ हे दोन शब्द हे सगळं गुळगुळीत करून टाकतात. त्यात ‘३ ते ८’ म्हणजे आठ धरून की आठ सोडून, हा वेगळाच तंटा. ‘एक ते पाच तारीख सुट्टी’ असा नोटीस बोर्डावर कागद लागला की पाच तारखेला निम्मी शिफ्ट कामावर येते आणि निम्मी गावाला असते. दोघंही तोच कागद दाखवतात.

यात गंमत अशी की ज्या प्रोग्रॅमरांच्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही हे लिहितो, त्यांनी स्वतःच्या घरात ही सवय पन्नास वर्षांपूर्वी मोडली. १९६८च्या मार्चमध्ये एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञानं एका नियतकालिकाला पत्र लिहून सांगितलं की प्रोग्रॅममध्ये ‘गो टू’, म्हणजे ‘अमुक ओळीवर जा’, असली आज्ञा घातक असते. वाचणाऱ्याला आपण नेमके कुठे आहोत ते कळेनासं होतं. पत्राचा झणझणीत मथळा त्याचा स्वतःचा नव्हता, संपादक निक्लाउस विर्थ यांनी दिलेला होता. (हे संपादकांना वाचून दाखवा.) बरीच भांडणं झाली, पण हळूहळू बहुतेक प्रोग्रॅममधून ‘गो टू’ हद्दपार झाला. मला खात्री आहे, तिथून हाकललेले सगळे ‘गो टू’ मॅन्युअलात येऊन राहिले. ‘पायरी ३ कडे जा.’ ‘विभाग ४.२ पाहा.’ ४.२ वर गेलात की तिथे लिहिलेलं असतं, ‘लॉगिनसाठी विभाग २.१ पाहा.’ संगणकाला असं फिरवलं तर निदान त्याला परत कुठे यायचं ते आठवतं. काकांचा एक हात माउसवर असतो, दुसऱ्या हाताचं बोट बाराव्या पानात, आणि खांदा व कान यांच्यामध्ये मोबाइल. मोबाइलमध्ये मालक विचारत असतात, “निघाली का गाडी?”

लिहिणाऱ्यानं सहा ओळी वाचवल्या. वाचणाऱ्यानं त्या पानं उलटून, बोट अडकवून आणि लॉट चुकवून भरून दिल्या. मला तर हा व्यवहार सरळसरळ सावकारी वाटतो.

तसं बघितलं तर काटकसरीची ही परंपरा आपल्याकडची जुनीच. पाणिनीनं सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बसवलं ते याच युक्तीवर. एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा लिहायचा नाही. तो मागून आपोआप चालत आलेला धरायचा. त्याला अनुवृत्ती म्हणतात. या मंडळींची ख्याती अशी की अर्धी मात्रा वाचली तरी घरात पेढे वाटायचे. पण कोणता शब्द कुठवर चालत येतो आणि कुठे थांबतो हे सांगायला मागाहून पतंजलीला महाभाष्य लिहावं लागलं. पाणिनीचा वाचक गुरूसमोर मांडी घालून बसलेला असायचा. आमच्या काकांना दुसऱ्या पाळीला पतंजली उपलब्ध नसतो. मेहुणा असतो.

मग याच्या उलट पंथ आहे. त्यांचं म्हणणं, वाचकाला कुठेच पाठवू नका, सगळं सगळीकडे पूर्ण लिहा. तत्त्व म्हणून उत्तम. पण तो पंथ कडकपणे पाळला की मॅन्युअल प्रत्येक प्रकरणात नव्यानं जन्माला येतं. ‘कॉम्प्युटर सुरू करा. ब्राउझर उघडा. लॉगिन करा.’ रिपोर्ट काढायचा आहे? कॉम्प्युटर सुरू करा. पासवर्ड बदलायचा आहे? कॉम्प्युटर सुरू करा. कॉम्प्युटर बंद करायचा आहे? मी शपथेवर सांगतो, एका मॅन्युअलात तिथेही पहिली पायरी हीच होती. असं सतरा वेळा तेच तेच वाचल्यावर डोळा घसरायला लागतो, आणि अठराव्या वेळी जी एक पायरी वेगळी असते नेमकी तीच निसटते. शिवाय बटणाचं नाव बदललं की ते अठरा ठिकाणी बदला. सतरा ठिकाणी बदलतं. राहिलेलं अठरावं ठिकाण ऑडिटच्या दिवशी ऑडिटरच्या बोटाखाली येतं. त्याला कसं सापडतं हे मला अजून कळलेलं नाही.

अशा वेळी कुणीतरी म्हणतं, “सोप्पंय हो, फाइंड-रिप्लेस मारा.” आमच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की जुनी माणसं खोलीबाहेर जातात. एका ठिकाणी गिऱ्हाइकानं फर्मान काढलं की मॅन्युअलमध्ये ‘पार्ट’ म्हणायचं नाही, ‘आयटम’ म्हणायचं. एका उत्साही मुलानं एका झटक्यात सगळीकडे बदल मारला. पार्ट गेले, आयटम आले. आणि त्याबरोबर ‘क्वालिटी डिआयटममेंट’ आलं, ‘थर्ड आयटमी इन्स्पेक्शन’ आलं, आणि प्रस्तावनेत कंपनीच्या संचालकांनी ‘आमचे सर्व बिझनेस आयटमनर’ यांचे मनःपूर्वक आभार मानले. ती प्रत छापून गेली. गिऱ्हाइकाकडून एकही तक्रार आली नाही, त्यावरून प्रस्तावना कोण वाचतं याचाही उलगडा झाला.

यावर उपाय निघालेला आहे, नाही असं नाही. आयबीएमनं एक पद्धत काढली, २००५ साली ती ‘डिटा’ या नावानं आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. तिची कल्पना एका ओळीत सांगायची तर, पायरी एकदाच एका जागी लिहून ठेवा आणि जिथे जिथे हवी तिथे ती यंत्रानंच पूर्ण छापावी. लिहिणारा एकदा लिहितो, वाचणाऱ्याला हवं तिथे सगळं मिळतं. मला ही पद्धत मनापासून पटते. फक्त मोठ्या कंपन्यांबाहेर ती पोचलेली नाही, कारण तिला लागतं ते सॉफ्टवेअर, आणि त्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल. बाकी सगळा पट्टा वर्डच्या फाइलवर चालतो, आणि त्या फाइलचं नाव ‘फायनल फायनल लेटेस्ट २’ असं असतं.

‘अमुक ठिकाणी पाहा’ या पद्धतीचं एक स्मारक मात्र आपल्या पट्ट्यात आहे, आणि ते मला फार आवडतं. कुठल्याही जुन्या स्टोअरमध्ये जा. माल बाहेर प्लेटिंगला किंवा हीट ट्रीटमेंटला चाललेला असेल तर स्टोअरकीपर ओरडतो, “अरे, फिफ्टी सेव्हन एफ फोर फाडलं का?” हा एक्साइजच्या १९४४च्या नियमावलीतला नियम, ५७ एफ (४). १९८६ साली मोडव्हॅट नावाची करपद्धत आली, तिच्यातला. जॉबवर्कला माल पाठवताना कोणतं चलन, ते त्यात होतं. मोडव्हॅट जाऊन सेनव्हॅट आलं, नियमांचे आकडे बदलले. २०१७च्या १ जुलैला जीएसटी आला आणि ही सगळी वंशावळच बुडाली. आता जॉबवर्क कलम १४३ खाली चालतं, कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, हिशोब आयटीसी-०४ या फॉर्मवर द्यायचा असतो. पण तोंडात फिफ्टी सेव्हन एफ फोरच. जो मुलगा मोडव्हॅट गेल्यावर जन्माला आला तोही हेच म्हणतो. ज्या पानाकडे बोट दाखवायचं ते पान कधीच रद्दीत गेलं, बोट मात्र तिथल्या तिथे आहे, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांना बरोबर कळतं. हा संदर्भ टिकला कारण तो रोज कुणीतरी कुणालातरी मोठ्यानं ओरडून सांगतं. मॅन्युअलमधला ४.२ कुणी ओरडत नाही.

ओरडण्यावरून गुरुजी आठवले. पुनरावृत्ती कशी सांगावी हे शिकायचं असेल तर आमच्या धंद्यातल्या माणसानं परदेशी परिषदांना जाऊ नये. भोसरीतल्या एखाद्या शेडीत सत्यनारायणाला जाऊन बसावं. मालक सोवळं नेसून अवघडलेला, शेजारी मालकीणबाई, मागे बंद प्रेसला झेंडूची माळ. यजमान हा अगदी नवखा वापरकर्ता. वर्षातून एकदा लॉगिन करणारा. गुरुजी त्याला एकदाही ‘मघाचंच पुन्हा करा’ म्हणत नाहीत. गणपतीला गंध लावा, अक्षता वाहा, फूल वाहा, नमस्कार करा. वरुणाला गंध लावा, अक्षता वाहा, फूल वाहा, नमस्कार करा. प्रत्येक वेळी पूर्ण, आणि हात जिथे पोचला असेल नेमकी तिथली पायरी. नवग्रह आले की सुरुवातीलाच सांगणार, “आता या नऊ सुपाऱ्या आहेत,” म्हणजे किती फेऱ्या ते यजमानाला आधी कळतं. आणि नऊ जणांना सगळं सारखंच असल्यामुळे शेवटी “सगळ्यांवर मिळून अक्षता वाहा.” जिथे फरक नाही तिथे काटकसर, आणि तीही यजमानाची सोय बघून, दक्षिणा तर ठरलेलीच आहे.

पण गुरुजींची खरी करामत अपवादात दिसते. यजमानाचा हात तुळशीकडे जातो न जातो तोच, “अंहं! गणपतीला तुळस नाही. दूर्वा घ्या.” आम्ही हे कसं लिहिलं असतं? ‘पायरी ६ : पत्री वाहा.’ आणि पान उलटल्यावर खाली बारीक अक्षरात, ‘टीप : गणपतीच्या बाबतीत तुळस वापरू नये.’ मॅन्युअलमधल्या टिपा हमखास पायरीनंतर येतात. ‘डिलीट दाबा. टीप : डिलीट दाबण्यापूर्वी बॅकअप घ्या.’ गुरुजींच्या जागी आम्ही असतो तर महाराष्ट्रातल्या एकाही गणपतीची तुळशीतून सुटका झाली नसती.

‘आता नऊ आहेत’ हे आधी सांगणं तर सोन्याचं आहे. काकांना नववी पायरी गाठल्यावर कळलं की आपल्याला फेऱ्या मारायच्या होत्या. तिसऱ्या पायरीच्या डोक्यावर ‘प्रत्येक पार्टसाठी’ एवढंच लिहिलं असतं तर ‘पुन्हा’ हा शब्दच लागला नसता. सगळीच पुनरावृत्ती लांबवून लिहावी असंही नाही. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये माल आत घेताना ‘मिगो’ करतात. मूव्हमेंट टाइप १०१. तिथे प्रत्येक ओळीला ‘आयटम ओके’ची टिक मारावी लागते. वीस ओळी असतील तर वीस टिका. तिथे ‘प्रत्येक ओळीला टिक मारा’ बस झालं, कारण वीसही ओळी समोर दिसतात आणि राहिलेली टिक डोळ्याला बोचते. बाहेर पुरवठादार बिचारा फोनवर विचारतच असतो, “साहेब, आमचा मिगो झाला का?” मिगो झाल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. त्याला या शब्दाचा अर्थ माहीत नाही. पैसे त्याच्यामागे अडकले आहेत एवढं माहीत आहे.

भाषेचा भाग राहिला. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांना जे २०१६चं आयएटीएफ १६९४९ प्रमाण लागू आहे, त्यात ८.५.१.२ या कलमात म्हटलंय की कामाच्या सूचना काम करणाऱ्याला समजतील अशा भाषेत हव्यात. फार चांगलं कलम. त्यामुळे भिंतीवर मराठी आलं. मग लाइनवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आली, म्हणून शेजारी हिंदी आलं. इंग्रजी ऑडिटरसाठी आधीपासून होतंच. म्हणजे बटणाचं नाव बदललं की अठरा गुणिले तीन. यातला हिंदी कागद अनेकदा मराठी माणसानं लिहिलेला असतो आणि मराठी कागद गुगलनं. ‘बिन भरा’चं मराठी ‘कचरापेटी भरा’ असं झालेलं मी पाहिलं आहे. सुदैवानं कुणी पाळलं नाही.

आणि काही पुनरावृत्ती अशी असते की ती कशीही लिहा, जाच तो जाचच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच लॉगिनला ओटीपी लागतो. सुरक्षेसाठी योग्यच आहे. प्रत्येक माणसाचं वेगळं खातं, वेगळा मोबाइल नंबर, अशी सोयही त्यात आहे. पण तळवड्याच्या शेडीत खातं एकच आणि नंबर मालकांचा. मालक एकादशीला आळंदीला. ओटीपी आळंदीत, काका तळवड्यात, गाडी गेटवर. मॅन्युअल म्हणतं, ‘ओटीपी प्रविष्ट करा.’ काका फोन लावतात. मालक म्हणतात, “माउली, दर्शनबारीत आहे, दहा मिनिटांनी सांगतो.” ओटीपीला दहा मिनिटं कुठला धीर धरवतो! नवा मागवा. पायरी ३ ते ८ पुन्हा.

काकांनी शेवटी स्वतःचं मॅन्युअल केलं. बॉक्सचा पुठ्ठा फाडून, काळ्या मार्करनं. मी ते जवळून पाहिलंय. वर मथळा नाही, उद्देश नाही, व्याप्ती नाही. ‘४१२ वाला : होम. ट्रक. पार्ट. नग. लॉट. प्रिंट. लेबल. सेव्ह.’ त्याखाली ‘५३८ वाला : होम. ट्रक. पार्ट. नग. लॉट पुसा मग लिहा. प्रिंट. लेबल. सेव्ह.’ असे पाचही ब्रॅकेट, पाच वेळा, पूर्ण. ‘पुसा’ या शब्दाखाली दोन रेघा, त्या क्वालिटीवाल्या साहेबांच्या स्मरणार्थ. पाचव्यात सेव्हच्या जागी सबमिट, आणि पुढे ‘मग मेहुण्याला हाक’. ‘उर्वरित पार्ट’ हा शब्द कुठेच नाही, कारण काकांच्या शेडीत उर्वरित असं काही नसतं. जे आहेत ते पाच, आणि पाचांना नावं आहेत.

पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवलेला आणि त्यावर एम-१०चा एक नट. एक ओळ झाली की काका नट खालच्या ओळीवर सरकवतात. मध्ये मालकांचा फोन येवो, टेम्पोवाला भांडायला येवो, चहा येवो. परत आल्यावर आपण कुठे होतो ते नट सांगतो. आमच्या अख्ख्या मॅन्युअलात ‘कुठवर आलात’ हे सांगणारी एकही गोष्ट नव्हती.

मग ऑडिट आलं. ऑडिटर साहेबांनी पुठ्ठा उचलला, मागून पुढून पाहिला आणि म्हणाले, “डॉक्युमेंट नंबर?” नव्हता. रिव्हिजन नंबर? नव्हता. कुणी तयार केलं, कुणी मंजूर केलं? काका म्हणाले, “मीच. दोन्ही.” अनकंट्रोल्ड डॉक्युमेंट म्हणून एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, पडली. सुधारणा म्हणून क्वालिटीच्या नव्या मॅडमनी तो पुठ्ठा नीट टाइप केला. नंबर दिला, रिव्हिजन ००, तारीख, लोगो. मॅडम इंजिनिअर, टापटिपीच्या. त्यांच्या लगेच लक्षात आलं की पाचही परिच्छेद जवळजवळ सारखेच आहेत. त्यांनी पहिला ठेवला आणि बाकी चारांपुढे लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. कागद लॅमिनेट होऊन डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लागला.

पुढच्या वर्षी ऑडिटर साहेब पुन्हा आले. कागद पाहिला, नंबर जुळवला, खूश झाले. जाता जाता त्यांची नजर टेबलाकडे गेली. पुठ्ठा होताच, कडा आता जरा काळवंडलेल्या.

“काका, हे काय?”

“साहेब, भिंतीवरचं तुमच्यासाठी. हे गाडीसाठी.”

साहेबांनी यावर बराच वेळ विचार केला. मग पुठ्ठ्यावरचा नट दोन बोटांत उचलून त्यांनी उजेडात धरला.

“आणि हा कशाला?”

“तो कुठवर आलो ते दाखवतो.”

“दाखवतो म्हणजे इंडिकेटर झाला,” साहेब वही उघडत म्हणाले. “याचं कॅलिब्रेशन कधी केलंय?”